माळावरची आमची आजी

आम्ही पेशाने कारकून. बी.कॉम. झालो आणि टेबलाला चिकटलो, त्याला आता वीस-बावीस वर्षे होऊन गेली. ऑफिसातले फॉर्म तर आहेतच, पण सुट्टीच्या दिवशी वस्तीतल्या लोकांचे फॉर्मही आमच्याकडेच येतात. रेशनकार्ड, जातीचा दाखला, श्रावणबाळ योजनेचा अर्ज, मुलांच्या शिष्यवृत्तीचे कागद. समाजकार्य म्हणजे निम्मे फॉर्म भरणेच आहे, हे कार्यकर्त्यांना सांगायला नको. कुठल्या रकान्यात काय लिहायचे हे आम्हाला झोपेतून उठवून विचारले तरी सांगता येईल.

असा हा आमचा हात २०११ च्या पावसाळ्यात एका फॉर्मवर अडला. तो फॉर्म होता आमच्या आजीच्या मृत्यूच्या नोंदीचा.

नाव लिहिले. पत्ता लिहिला. पुढे रकाना होता, वय. आम्ही वडिलांकडे पाहिले. वडिलांनी चुलत्यांकडे पाहिले. चुलते म्हणाले, "ऐंशी असंल." आत्या म्हणाली, "पंचाहत्तरच्या पुढं नाय." शेवटी लिहिले, 'अंदाजे ८०'. पुढचा रकाना, व्यवसाय. वडील म्हणाले, "लिही, घरकाम." आम्ही लिहिले, घरकाम.

त्याच संध्याकाळी जलदान विधी आणि पुण्यानुमोदनाची पत्रिका छापायला गेलो. छापखान्यातल्या पोराने विचारले, "माहेरचं नाव टाकायचं का?" तिथेही आम्ही गप्प. आजीचे माहेरचे गाव ठाऊक होते, पण लग्नाआधी तिचे नाव काय होते हे घरात कुणालाच सांगता येईना. आमच्या वडिलांना आपल्या आईचे पहिले नाव ठाऊक नव्हते. पत्रिका तशीच छापली.

वाचकहो, दर १४ एप्रिलला आणि ६ डिसेंबरला आम्ही माईक हातात घेतो. महाडच्या चवदार तळ्याची तारीख, काळाराम मंदिर सत्याग्रहाची तारीख, पुणे कराराची तारीख, सगळ्या तोंडपाठ. आणि ज्या बाईच्या मांडीवर आम्ही लहानाचे मोठे झालो, तिची एक तारीख आम्हाला सांगता आली नाही. त्या दिवशी जी लाज वाटली, तिच्यातून हा लेख लिहीत आहोत.

आजीचे माहेर आणि सासर, दोन्ही येवल्याच्या पलीकडचे. नाशिक म्हटले की लोकांच्या डोळ्यांपुढे गोदावरी आणि द्राक्षबागा येतात. पण येवल्याहून राजापूर-ममदापूरच्या बाजूला वळले की तो नाशिक जिल्हा मागे पडतो आणि माळरान सुरू होते. नजर जाईल तिथवर गवत. मध्येच एखादी बोर, एखादा हिवर, तरवडाची झुडपे. पाऊस बेताचा, पाणी खोल. या माळावर काळविटांचे कळप असतात आणि हल्ली त्यांच्यासाठी काही जंगल राखीव केले आहे. आजी सांगायची की तिच्या लहानपणी काळविटे अगदी वस्तीच्या कडेला चरायला येत. "त्यास्नी आमची शिवाशिव नव्हती," असे म्हणून ती हसायची.

गवत कापणे, भारे बांधणे आणि डोक्यावरून गावात नेऊन विकणे हे तिचे पोरवयापासूनचे काम. संध्याकाळी दारात बसून लुगड्याच्या काठातली कुसळे एकेक करून उपसायची. हे तिचे कुसळे काढणे पुढे नाशिकरोडला आल्यावरही सुटले नाही. कुसळ नसले तरी दिवेलागणीला दारात बसून ती पदराचा काठ बोटांनी चाचपत राही.

तिच्या वयाचा एकच धागा घरात होता. "येवल्याची सभा झाली तव्हा म्या मायच्या कडंवर व्हते," असे ती म्हणे. ही सभा म्हणजे १३ ऑक्टोबर १९३५ ची येवल्याची परिषद. १९३० च्या २ मार्चला नाशिकला काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला. पाच वर्षे आपल्या लोकांनी मार खाल्ला, तुरुंग सोसला, तरी दार उघडले नाही. तेव्हा परमपूज्य बाबासाहेबांनी येवल्याच्या मैदानात जाहीर केले की हिंदू धर्मात जन्म घेणे आपल्या हाती नव्हते, पण त्या धर्मात आपण मरणार नाही. आज तिथे मुक्तिभूमी स्मारक उभे आहे. त्या गर्दीत माळावरून पायी आलेली एक बाई होती आणि तिच्या कडेवर आमची आजी. आजीला त्यातले काय आठवणार? तिला आठवायचे ते आईने सांगितलेले. सभेत पोर रडू लागले म्हणून बाजूच्या बाईने कमरेचा गुळाचा खडा काढून त्याच्या तोंडात घातला, एवढेच. पण मुक्तिभूमीवर गेले की ती न चुकता आमच्या हातावर गुळ ठेवायची.

लग्न बारा-तेराव्या वर्षी झाले. सासरच्या घरी वतन होते. वतन हा शब्द ऐकायला मोठा आहे. नव्या पिढीला सांगायला हवे की महार वतन म्हणजे गावाची चोवीस तासांची बांधिलकी. येसकरकीची पाळी आली की सांगावा घेऊन धावायचे, सरकारी टपाल पोचवायचे, लाकडे फोडायची, मेलेले जनावर ओढायचे. बदल्यात हाडकी-हाडोळ्याचा तुकडा आणि दारोदारची भाकर. ती भाकर मागायला टोपले घेऊन घरातली सून जायची. आमच्या आजीने हे टोपले सात-आठ वर्षे उचलले. बाबासाहेबांनी १९२८ सालीच मुंबईच्या कायदेमंडळात या वतनाविरुद्ध विधेयक आणले होते. प्रत्यक्षात वतन कायद्याने संपले ते १९५९ साली. आमच्या घरातले टोपले मात्र त्याआधी तीन वर्षे संपले. ती गोष्ट सांगतो.

१९५६ च्या ऑक्टोबरात आमचे आजोबा नागपूरला निघाले. नगरसूल स्टेशनापर्यंत पायी, तिथून छोट्या गाडीने मनमाड, मनमाडहून भुसावळमार्गे नागपूर. आजीला जाता आले नाही. आमचे वडील तेव्हा अंगावर पीत होते आणि त्यांच्यावर एक तीन वर्षांची मुलगी होती. आजोबा १४ ऑक्टोबरची दीक्षा घेऊन परत आले. पांढरा सदरा आणि तोंडात बावीस प्रतिज्ञा. दुसऱ्या दिवशी वस्तीतल्या घराघरांतले देव पाट्यांत भरले गेले. आमच्या पणजीने टाहो फोडला. खंडोबाचा टाक तिने मुठीत धरून ठेवला होता. ती मूठ सोडवली आजीने. पाटी डोक्यावर घेऊन ओढ्याच्या डोहापर्यंत गेली तीही आजीच. परत येताना तिने त्याच पाटीत शेणाच्या गोवऱ्या भरून आणल्या. भाकरीचे टोपले तिने त्या दिवसापासून उचलले नाही. गावाने कामे बंद केली, चक्कीवर दळण घेईनात. ते दिवस या लोकांनी गवत विकून आणि बोरे खाऊन काढले. एवढी हकिगत आम्हाला लहानपणापासून माहीत होती. एवढीच माहीत होती, हे पुढे कळले.

महिना-दीड महिना जातो तोच ६ डिसेंबर आला. आजोबा मुंबईला गेले. ते परत येईपर्यंत वस्तीत चूल पेटली नाही.

कर्मवीर दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली ६ डिसेंबर १९६४ ला भूमिहीनांचा देशव्यापी सत्याग्रह सुरू झाला. पडीक जमिनी कसणाऱ्याच्या नावावर करा, संसदेत बाबासाहेबांचे तैलचित्र लावा, अशा त्यातल्या मागण्या होत्या. लाखो लोक तुरुंगात गेले. त्यात आमची आजी पंधरा दिवस होती. या पंधरा दिवसांविषयी विचारले की ती एवढेच सांगायची, "आयती भाकर जन्मात तिथंच खाल्ली. दळायचं नाय, पाणी आणायचं नाय. बायका म्हणायच्या, आजून आठ दिस ठिवा." आम्ही हसायचो आणि विषय तिथेच संपायचा. तिथे कोण-कोण बायका होत्या, रात्री काय बोलायच्या, घरी नऊ वर्षांचे पोर सोडून आलेल्या बाईला झोप लागायची का, हे आम्ही विचारले नाही.

मग १९७२ चा दुष्काळ. माळावरचे गवतसुद्धा जळाले. सरकारने दुष्काळी कामे काढली. आजी आणि आजोबा खडी फोडायला आणि पाझर तलावाच्या मातीकामावर. मुलांना सुकडी मिळे. रेशनवर अमेरिकेतून आलेला लाल मिलो. कुठल्या तरी परदेशी माळावर पिकलेले ते धान्य आमच्या माळावरच्या लोकांनी नाक मुरडत खाल्ले आणि जगले. त्या कामांच्या अनुभवातूनच पुढे १९७७ साली महाराष्ट्रात रोजगार हमीचा कायदा झाला. आजीने ज्या तलावाची माती वाहिली तो तलाव अजून आहे. आम्ही पाहून आलो. पावसाळ्यानंतर त्यात पाणी असते आणि गुरे पितात. त्यावर आजीचे नाव असायचे कारण नाही, पण फॉर्मवर आम्ही 'घरकाम' लिहिले होते, ते तिथे आठवले.

दुष्काळानंतर हे कुटुंब नाशिकरोडला आले. रेल्वेच्या कडेला पत्र्याचे खोपटे. आजीने बांधकामावर पाट्या उचलल्या, बंगल्यांत धुणीभांडी केली, हंगामात द्राक्षबागांत गेली. शहराविषयी तिची तक्रार एकच होती, "हितं आभाळ दिसत नाय." म्हणून ती उन्हाळ्यात रुळांच्या बाजूला जाऊन बसे. तिथे तेवढी मोकळी पट्टी होती.

आमचे बालपण तिच्याच हाताखाली गेले. आई-वडील कामावर, आम्ही आजीजवळ. तिला अक्षर येत नव्हते, पण हिशोब चोख. दूधवाल्याचा खाडा, किराण्याची उधारी, भिशीचे हप्ते सगळे कोळशाच्या रेघांनी भिंतीवर. दुधाची रेघ उभी, उधारीची आडवी, फिटले की वर फुली. आम्ही बी.कॉम.ला असताना तिने विचारले होते, "तीन वर्सं काय शिकवत्यात?" आम्ही म्हणालो, जमा आणि खर्च. ती भिंतीकडे पाहून म्हणाली, "मंग लवकर का सोडीत नाईत?" आमच्या परीक्षेच्या फीची एक आडवी रेघ त्या भिंतीवर बरेच दिवस होती. फी तिने बंगलेवाल्या बाईंकडून उचल घेऊन भरली होती आणि कामावर फेडली. फुली पडली त्या दिवशी तिने आम्हाला बोलावून दाखवली.

तिची आणखी एक खोड होती. गल्लीतल्या कुठल्याही पोराला लस टोचायची राहिली असेल तर आजी त्याच्या दारात जाऊन उभी राहायची. आया म्हणत, ताप येतो, पोर रडते, रोज बुडतो. आजी ऐकायची नाही. पोर काखोटीला मारून दवाखान्याची वाट धरायची. नव्वदच्या दशकात पल्स पोलिओ सुरू झाला तेव्हा तर त्या रविवारी ती आमच्या वस्तीची पुढारीच. सकाळपासून पोरांची रांग लावून बूथवर घेऊन जायची. आम्ही तिला गमतीने 'डॉक्टरीणबाई' म्हणायचो. आम्हाला वाटे, म्हातारीला हौस आहे.

आता आमच्या चुकीकडे येतो.

२००९ साल. आमची मुलगी दोन वर्षांची होती. तीन दिवस ताप उतरेना. डॉक्टरांचे औषध चालू होते. त्या संध्याकाळी घरात बैठक होती, २ मार्चच्या कार्यक्रमाची. काळाराम सत्याग्रहातल्या माता-भगिनी या विषयावर आम्हीच बोलणार होतो. पाच-सहा कार्यकर्ते बसलेले, चहा झालेला. एवढ्यात आतल्या खोलीतून मिरच्या-मोहरीचा खाट आला. उठून पाहतो तर आजी नातीवरून मीठ-मोहऱ्या उतरून टाकत होती.

आमचा तोल गेला. चार लोकांसमोर आम्ही तिला म्हणालो, "बाबासाहेबांच्या घरात हे चालायचं नाही. बावीस प्रतिज्ञा कशाशी खातात ते तरी ठाऊक आहे का तुला? आम्ही बाहेर लोकांना शिकवतो आणि घरात तू हे करतेस?"

आजी काही बोलली नाही. हातातली वाटी तिने मोरीत पालथी केली आणि पाण्याने धुतली. "ऱ्हायलं बाबा," एवढे म्हणाली आणि नातीच्या उशाशी जाऊन बसली. रात्रभर बसली होती, असे आमच्या पत्नीने सांगितले. पहाटे ताप उतरला. औषधानेच उतरला. पण आम्ही तिच्याजवळ जाऊन चार शब्द बोललो नाही. २ मार्चला आमचे भाषण चांगले झाले. टाळ्या पडल्या. आजी शेवटच्या रांगेत बसून ऐकत होती.

दोन वर्षांनी ती गेली.

पुण्यानुमोदनाला माळावरून तिच्या जोडीची एक म्हातारी आली होती. नात्याने आजीची जाऊ लागायची. त्रिशरण-पंचशील झाले, भाषणे झाली, आम्हीही बोललो. पंगत उठल्यावर ती आमचा हात धरून ओट्यावर बसली आणि म्हणाली, "समदं सांगितलं, पोरीचं नाय सांगितलं तू."

"कुठल्या पोरीचं?"

तिने जे सांगितले ते असे. देव डोहात सोडल्यावर सहा-सात महिन्यांनी, १९५७ च्या उन्हाळ्यात, वस्तीत गोवर आला. आजीची ती थोरली मुलगी तापाने फणफणली. अंगावर पुरळ उठले. गावातले आणि वस्तीतलेही म्हणू लागले, देव बुडवले त्याचे हे फळ. मरीआईचा कोप आहे, कोंबडे कबूल करा, देव परत आणा. पणजी सुनेच्या पायावर पडली. आणि आमचे आजोबा, जे नागपूरला जाऊन दीक्षा घेऊन आले होते, तेही डगमगले. म्हणाले, लेकरापुढे काय आहे, करू या. नाही म्हणाली ती फक्त आजी, जी नागपूरला गेलीच नव्हती. तिने पोरगी पाठीशी बांधली आणि रात्रीच येवल्याच्या दवाखान्याकडे चालू लागली. ही जाऊ तिच्या सोबत होती. रात्रभर माळ तुडवला. येवला दोन कोसांवर राहिले तेव्हा पाठीवरचे लेकरू थंड पडले.

"तशीच बसली माळावर," म्हातारी म्हणाली. "रडली नाय. दिस उगवला तव्हा म्हनली, चल माघारी. घरी आल्यावर सासू म्हनली, आता तरी देव आन. तर म्हनली, देव असता तर लेकराला एवढा कोस पोचू दिला नसता व्हय? मंग कुनी काय बोललं नाय. पर गोवरीच्या टोचायचं आवशिद निघालं आसं कळलं ना, तव्हापासून ती येडीच झाली त्याच्यामागं."

मग आम्ही तिला मीठ-मोहऱ्यांची गोष्ट सांगितली. आम्ही काय बोललो तेही सांगितले. विचारले, मग तिने तसे का केले असेल? म्हातारी बराच वेळ बोलली नाही. मग म्हणाली, "तिचा इश्वास नव्हता रं त्याच्यावर. तापाचं लेकरू म्होरं आलं की बाईला काय सुचत नसंल."

आम्ही त्या ओट्यावर किती वेळ बसलो ते आठवत नाही. ज्या बाईने प्रतिज्ञेपायी एवढे सोसले तिला आम्ही प्रतिज्ञा शिकवायला गेलो होतो. आणि तिने उलट उत्तर दिले नव्हते. एक वाक्य बोलली असती तर आमची मान खाली गेली असती. ती बोलली नाही, कारण समोर नातवाचे चार मित्र बसले होते.

यानंतर आम्ही तिच्या मागावर निघालो. कारकुनाला शोध घ्यायचा तर कागदातूनच घेणार. तहसीलच्या अभिलेख कक्षात जुने कोतवाल बुक असते, गाव नमुना नंबर १४. त्यात गावातले जन्म-मृत्यू लिहिलेले असतात. जातीच्या दाखल्यासाठी आपले लोक त्याचे उतारे काढतात, म्हणून ते आम्हाला ठाऊक होते. तिच्या माहेरच्या गावाचे बाड निघाले. मोडी वाचणारा माणूस सोबत नेला होता. पाने हात लावताच तुटत होती. त्यात तिच्या वडिलांच्या नावाने दोन नोंदी सापडल्या. एक १९३२ ची, एक १९३४ ची. बापाचे नाव होते. जात होती. मुलाच्या नावाच्या जागी दोन्हीकडे एकच शब्द, 'मुलगी'. यातली एक लहानपणी वारली असावी. कडेवर होती म्हणते त्या अर्थी आजी १९३४ ची असेल, पण खात्रीने सांगता येत नाही. जात विसरायचे नाही, एवढी काळजी त्या कागदाने घेतली होती. नाव लिहायचे राहून गेले होते.

त्या वर्षी बुद्धपौर्णिमेला आम्ही नेहमीप्रमाणे कुटुंबासह त्रिरश्मी लेण्यांवर गेलो. पांडवलेणी म्हणतात ती हीच. पायथ्याच्या बुद्ध स्मारकात वंदना घेतली आणि वर चढलो. तिसऱ्या क्रमांकाच्या लेण्यात ब्राह्मी लिपीतला मोठा शिलालेख आहे. सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीची आई गौतमी बलश्री हिने आपल्या नातवाच्या, वासिष्ठीपुत्र पुळुमावीच्या कारकिर्दीच्या एकोणिसाव्या वर्षी हे लेणे भिक्खूसंघाला दान दिले, असे त्यात कोरले आहे. त्या लेखात बलश्री स्वतःला महाराजाची आई आणि महाराजाची आजी म्हणवते. आम्ही हे लेणे अनेकदा पाहिले होते, लोकांना माहितीही दिली होती. पण ते एका आजीचे लेणे आहे हे त्या दिवशी प्रथम मनात आले. सुमारे एकोणीसशे वर्षे ते नाव दगडावर टिकले आहे. आमची आजी गुडघे दुखत असताना दर वर्षी या पायऱ्या चढायची, या लेखाखाली बसून पाणी प्यायची. तिचे नाव शंभर वर्षेही कागदावर टिकले नाही, कारण ते कुणी लिहिलेच नव्हते.

राणीला शिल्पकार मिळाला. आपल्या आज्यांना कोण मिळणार? आपणच. हे काम कुणी केलेच नाही असे नाही. उर्मिला पवार आणि मीनाक्षी मून या दोघींनी आंबेडकरी चळवळीतल्या स्त्रियांना घरोघर जाऊन गाठले, त्यांचे बोल टिपले आणि १९८९ साली 'आम्हीही इतिहास घडवला' हे पुस्तक दिले. नाशिकच्या शांताबाई दाणींचे 'रात्रंदिन आम्हा' हे आत्मकथन आहे. पण ज्या कधी स्टेजवर चढल्या नाहीत, ज्यांनी पाटी उचलली आणि परत येताना तिच्यात गोवऱ्या भरून आणल्या, अशा बाया प्रत्येक घरात होत्या. त्यांच्यापर्यंत पुस्तक लिहिणारा पोचणार नाही. तिथे नातवानेच पोचायला हवे.

म्हणून आम्ही एक वही घेतली आहे, दोनशे पानी, लांब. रविवारी वस्तीतल्या एका म्हाताऱ्या बाईकडे जातो. पहिला प्रश्न, लग्नाआधीचे नाव काय? बहुतेक जणी हसतात. काही जणी आठवायला वेळ घेतात. एकीने नाव सांगितले आणि तिची सत्तर वर्षांची लेक स्वयंपाकघरातून बाहेर आली, कारण तिनेही ते पहिल्यांदाच ऐकले होते. आतापर्यंत एकतीस जणी झाल्या. त्यातल्या नऊ जणी आज हयात नाहीत.

आजीचे माहेरचे नाव अखेर त्या जावेकडूनच मिळाले. ते वहीच्या पहिल्या पानावर आहे. त्याखाली त्या चार वर्षांच्या मुलीचेही नाव आहे. या लेखात आम्ही ते मुद्दाम लिहिले नाही. ही जागा वाचकांनी आपल्या आजीच्या नावाने भरावी. भरता आली नाही, तर आजच्या आज तिच्याजवळ जाऊन बसावे आणि विचारावे. ती म्हणेल, "आता कशाला ते?" तरी विचारावे.

आमच्या वहीत आजीच्या वयापुढे अजूनही 'अंदाजे' असेच आहे. व्यवसायाचा रकाना मात्र आम्ही खोडून पुन्हा लिहिला. गवत कापणे, खडी फोडणे, पाझर तलावाचे मातीकाम, बांधकामावर पाट्या वाहणे, द्राक्षबागेत मजुरी, धुणीभांडी, भूमिहीन सत्याग्रहात पंधरा दिवस कारावास, वस्तीतल्या मुलांना लस टोचून आणणे. एका ओळीत बसेना, म्हणून समासात लिहावे लागले.